ठाण्याचा ठ आणि धसईचा ध

मुरबाडहून धसईकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्रिकेटच्या सामन्यांचा एक फ्लेक्स लागला होता. पिवळ्या जमिनीवर गोल गरगरीत लाल अक्षरं, त्यांना भोवतीनं जाड किनार, आणि गावाचं नाव ‘घसई’. २०१६ च्या डिसेंबरात देशभरच्या बातम्यांत ‘कॅशलेस गाव’ म्हणून झळकलेल्या गावाची ही अवस्था! फ्लेक्स छापणाऱ्या पोराला गाठलं, तर तो बिचारा संगणकच माझ्याकडे वळवून म्हणाला, “काका, टाइप ध च केलाय. बघा ना.” खरंच ध होता. बारीक आकारात, किनार न देता, अगदी स्वच्छ ध. किनार दिली की त्याच्या डोक्यावरची फट बुजायची आणि ध चा घ व्हायचा.

चूक कोणाची, हा प्रश्न मग माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिला. पोराची नव्हती. टंकाचीही, म्हणजे त्या फाँटचीही, सरळ म्हणता येईना. त्याचा शोध घेत गेलो तो थेट शंभर वर्षांपूर्वीच्या जर्मनीत पोचलो.

हे जे गोल गरगरीत, सगळीकडे सारख्याच जाडीचं, कंपास-पट्टीनं काढल्यासारखं अक्षर आहे, त्याला भौमितिक सॅन्स-सेरिफ म्हणतात. रोमन अक्षरांच्या टोकांना जे छोटे पाय किंवा टोप्या असतात ते सेरिफ. ते काढून टाकले की सॅन्स-सेरिफ. पाय कापलेलं असं छापील अक्षर पहिल्यांदा १८१६ मध्ये लंडनमध्ये चौथ्या विल्यम कॅझलनच्या नमुना-पुस्तकात दिसलं. ते जाहिरातींपुरतं राहिलं. १९१६ मध्ये एडवर्ड जॉन्स्टननं लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी अक्षर काढलं, त्यातला ओ जवळजवळ पूर्ण वर्तुळ होता. आणि १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बाउअर ओतशाळेनं पाउल रेनर यांचा ‘फ्युचुरा’ बाजारात आणला. आज आपल्या मोबाइलमध्ये दिसणाऱ्या अनेक गोल अक्षरांचा तो आजोबा.

रेनरच्या पहिल्या आराखड्यात हट्ट फार होता. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, एवढ्यातच सगळी वर्णमाला बसवायची. त्यात लहान आर म्हणजे एक उभी काठी आणि तिच्या शेजारी एक सुटा ठिपका! वाचणाऱ्याला ते अक्षर वाटेना. ओतशाळेनं आणि रेनरनं मिळून अशी अक्षरं हळूहळू माणसाळवली आणि मग फ्युचुरा चालला. इतका की १९६९ मध्ये अपोलो ११ चं यान चंद्रावर जी धातूची पाटी ठेवून आलं तिच्यावरचा मजकूर फ्युचुरातच आहे. रेनरला स्वतःला मात्र १९३३ मध्ये नाझींनी अटक केली आणि म्युनिकच्या मुद्रण विद्यालयातली त्याची नोकरी गेली.

फ्युचुराची गंमत अशी की तो दिसतो यंत्राचा, पण त्याचा सांगाडा प्राचीन आहे. त्यातली मोठी ई, एफ, एल ही अक्षरं अरुंद आणि ओ भलामोठा रुंद. ही मापं रोमन शिलालेखांतल्या अक्षरांची आहेत. शिवाय त्यातलं वर्तुळ नुसतं कंपासनं काढलेलं नाही. जिथे गोल भाग उभ्या दांड्याला चिकटतो तिथे रेघ नकळत बारीक केलेली आहे, नाहीतर त्या सांध्यात शाईचा काळा डाग पडल्यासारखं दिसतं. गोल अक्षर ओळीच्या खाली-वर केसभर बाहेर काढलेलं आहे, कारण अगदी मापात ठेवलं तर ते शेजारच्या चौकोनी अक्षरापेक्षा लहान भासतं. आडवी आणि उभी रेघ मोजून सारखी ठेवली तर आडवी जाड दिसते, म्हणून ती किंचित पातळ. तेव्हा भौमितिक अक्षर म्हणजे भूमितीला ठिकठिकाणी गुपचूप दिलेली बगल. डोळा कंपासचं ऐकत नाही, अक्षर काढणाऱ्याला डोळ्याचं ऐकावं लागतं.

हे झालं रोमन लिपीचं. आपल्याकडे पाय नव्हतेच, तर काढणार काय? देवनागरीत ‘सॅन्स’ हा शब्द तसा उसना आहे. तिकडे पाय कापले. इकडे कापला गेला तो बोरू.

बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. ते साधारण ४५ अंशांत कागदावर टेकलं की शिरोरेषा आणि काना, म्हणजे आडवी आणि उभी रेघ, दोन्ही सारख्याच जाडीच्या उमटतात. वर उजवीकडून खाली डावीकडे उतरणारी रेघ भरपूर जाड येते आणि तिच्या उलट दिशेची केसासारखी. रोमन लिपीच्या लेखणीची छाट याच्या विरुद्ध, म्हणून इंग्रजी ए चा उजवा पाय जाड असतो. देवनागरीची सगळी चाल या जाड-बारीक लयीतून आली आहे. जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला आणि राणोजी रावजी आरू यांनी त्याच्यासाठी पोलादात अक्षरांचे ठसे कोरले, तेव्हा ही बोरूची लयच त्यांनी धातूत उतरवली. निर्णयसागरचं पंचांग किंवा जुनी संस्कृत पोथी हातात घेतली की अजून कळतं: अक्षर शिशाचं, पण चाल लेखणीची.

त्याच वेळी एकसारख्या जाडीची देवनागरीही घरोघर होती, फक्त तिला कोणी टंक म्हणत नव्हतं. शहापूर-मुरबाडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पाटीवर दगडी पेन्सिलीनं गिरवलेला ‘अ’ आठवा. पेन्सिलीला जाड-बारीक माहीत नाही. पुढे बॉलपेनलाही नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात देवनागरी आली तीच मुळी बोरूशिवाय. म्हणून आजच्या एकजाड अक्षराला ‘परकं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. अक्षराचं वळण टिकलं की नाही हे पाहावं, जाडीचं एवढं काय?

एकजाड आणि भौमितिक या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला, एकजाड आहे. पण त्याची वळणं हाताच्या ओघातली आहेत, कंपासची नाहीत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा २०१४ मध्ये आलेला ‘पॉपिन्स’ मात्र उघडउघड वर्तुळावर उभा आहे. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. भौमितिक वळणाची, बारीक ते ठसठशीत अशा अनेक वजनांची पहिली देवनागरी असं तिच्या कर्त्यांनीच तिच्याबद्दल म्हटलं. नऊ वजनं, प्रत्येकाचं सरळ आणि तिरकं रूप, म्हणजे अठरा संच. आणि एकेका संचात जोडाक्षरांसकट १,०१४ आकार. वर तो मुक्त परवान्याचा, कुणीही फुकट वापरावा असा. त्यामुळे तो पसरला. दुकानाच्या पाट्या, बँकांची ॲपं, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळीकडे असली अक्षरं दिसू लागली.

पॉपिन्समधली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाट्यांवर मराठी आणि इंग्रजी एकाच ओळीत येतं आणि बहुतेक वेळा इंग्रजीची मोठी अक्षरं मराठीच्या अंगावर ओरडतात. पॉपिन्सनं इंग्रजीच्या बी, डी अशा उंच दांड्यांच्या लहान अक्षरांची उंची देवनागरीच्या शिरोरेषेशी जुळवली आणि मोठी अक्षरं त्याहून जराशी बुटकी ठेवली. म्हणजे ओळीची उंची ठरवली ती देवनागरीनं. अनेक द्विभाषी टंकांत हे उलटं असतं: इंग्रजीच्या पेटीत मराठीला अंग चोरून बसवतात, मग उकार चिरडतात आणि वेलांट्या चपट्या होतात.

आता माझा उद्योग सांगतो. टंक करणारे लोक आपलं अक्षर तपासायला शब्दांच्या याद्या वापरतात. मला वाटतं, शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या गावांची नावं ही गोल देवनागरीची उत्तम परीक्षा आहे. पालघर २०१४ मध्ये वेगळा झाला तेव्हा ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांतल्या या दोघांनीच ही सगळी प्रश्नपत्रिका काढली आहे.

सुरुवात जिल्ह्यापासून. ‘ठाणे’तला ठ हा वर्तुळाचा लाडका. शिरोरेषेपासून छोटी मान आणि खाली पूर्ण गोल. रेनरनं देवनागरी शिकायची ठरवली असती तर पहिल्याच दिवशी ठ काढून तो खूश झाला असता. पण लगेच ‘टोकावडे’ घ्या. ट म्हणजे तोंड उघडं ठेवलेला ठ. अक्षर ठसठशीत केलं, लांबून पाहिलं, की ते तोंड मिटायला लागतं आणि गाव ठोकावडे होतं. मग ट चं टोक आधीच थांबवावं लागतं, म्हणजे तो आता ठ च्या वर्तुळाचा तुकडा राहत नाही. पहिला अपवाद दुसऱ्याच अक्षराला.

‘डोळखांब’मध्ये ळ आहे. दोन गोल शेजारीशेजारी. कागदावर सोपं वाटतं. पण ठ एवढेच दोन गोल ठेवले तर ळ सगळ्या ओळीत बैलगाडीसारखा आडवा पसरतो. गोल लहान करावे तर बाकीच्या अक्षरांपुढे ते चष्म्याच्या काचा वाटतात. त्यातून मधली वाट काढायची, म्हणजे गोल दाबायचे, आणि दाबला की तो गोल राहिला कुठे? त्याच शब्दातल्या ख ची वेगळीच कथा. त्याचे दोन भाग खाली नीट जोडले नाहीत तर ‘रव’ वाचलं जातं. ‘खर्डी’ तर आणखी वस्ताद: ख सांभाळला की पुढे ड, त्याच्या माथ्यावर दीर्घ वेलांटीचा आकडा आणि त्याच जागेवर हक्क सांगणारा रफार. कसारा लाइनला लोकलच्या खिडकीतून चालत्या गाडीत हे नाव वाचता आलं तर टंक पास समजावा. तसंच ‘वासिंद’. वेलांटीची कमान आणि अनुस्वाराचा टिंब एकमेकांच्या पायावर पाय देतात.

‘मुरबाड’मधला ब पाहू. व च्या पोटात तिरकी रेघ मारली की ब. बारीक वजनात काही त्रास नाही. पण जाड वजनात पोटातली जागा आणि रेघ यांचं भांडण लागतं: रेघ जाड ठेवली तर पोट भरून काळा गोळा होतो, रेघ बारीक केली तर ती बाकी अक्षराशी फटकून दिसते. यावर सगळेच शेवटी तडजोड करतात आणि पोटातली रेघ बाहेरच्या रेघेपेक्षा थोडी सडपातळ काढतात. एकजाड म्हणवणाऱ्या टंकातही जाडी अशी जागोजाग बदलत असते. तालुक्याच्या नावातला म आणखी एक गोष्ट मागतो, डावीकडची गाठ. बोरू जिथे वळताना क्षणभर रेंगाळायचा तिथे ही गाठ पडायची. कंपासला रेंगाळणं जमत नाही. काही भौमितिक टंकांत गाठ उडवून नुसता कोपरा ठेवतात, काहींत तिथे बारीकसं वेटोळं घालतात. मला वेटोळं बरं वाटतं, पण ते माझ्या पिढीचं बोलणं असेल.

‘शहापूर’ सगळ्यांत अवघड. प सरळ आहे. एक वाटी आणि काना. र चालून जातो. पण ह! त्यात ना वर्तुळ, ना सरळ रेघ. मान, मग पोटात घेतलेलं वळण, मग उलट फिरून खाली सुटलेली शेपटी. मनगटाच्या एका झोक्यात येणारं हे अक्षर कंपासनं काढायचं तर वेगवेगळ्या त्रिज्यांचे चाप एकमेकांना सांधावे लागतात आणि तरीही ते लंगडतं. मी टंक तपासायचा असला की आधी ह पाहतो. ठ सगळ्यांनाच येतो.

आणि त्या नावाच्या पहिल्या अक्षराचं राजकारण वेगळंच. शाळेत ज्याला आपण शेंडीफोड्या श म्हणायचो तो मराठीचा श आणि हिंदीत रुळलेला श एकसारखे नाहीत. ल चंही तसंच, मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. राज्य शासनानं २००९ मध्ये मराठी वर्णमालेचं प्रमाण रूप ठरवणारा निर्णय काढला, २०२२ मध्ये पुन्हा त्यावर हात फिरवला, आणि ‘देठयुक्त श’, ‘पाकळीयुक्त ल’ असे झकास शब्द सरकारी कागदावर आले. पण संगणकाच्या युनिकोडमध्ये श साठी एकच क्रमांक आहे, हिंदीचा वेगळा आणि मराठीचा वेगळा असा नाही. टंकात दोन्ही आकार ठेवता येतात. मजकुराची भाषा मराठी आहे असं यंत्राला सांगितलं तर ते मराठी आकार काढतं, नाही सांगितलं तर टंकाचा जो मूळ आकार असेल तो. त्यामुळे एकाच टंकात छापलेल्या दोन पाट्यांवर शहापूरचा श आणि माहुलीचा ल वेगवेगळे निघू शकतात आणि दोन्ही ठिकाणी छापणारा शपथेवर सांगेल की मी तेच बटण दाबलं.

इथे एका मोहाचा उल्लेख करायला हवा. या भागात वारली वस्ती आहे, वारली चित्रांत वर्तुळ-त्रिकोण-चौकोन आहेत, म्हणून भौमितिक अक्षर हे इथलंच, असं सुरेख वाक्य लिहिण्याचा. मी ते लिहिणार नाही. वारली चित्रातलं वर्तुळ बांबूच्या काडीनं, तांदळाच्या पिठात बुडवून, हातानं काढलेलं असतं. ते थोडं वेडंवाकडं असतं आणि तसंच असायला हवं. फ्युचुराचं वर्तुळ कारखान्याच्या युगाचं स्वप्न होतं. दोघांची गाठ घालून दिली तर दोघंही संकोचतील.

पुन्हा धसईकडे. देवनागरीत घ आणि ध, म आणि भ या जोड्या शिरोरेषेवर ठरतात. घ आणि म ची शिरोरेषा सलग; ध आणि भ ची डावीकडे तुटलेली, आणि त्या जागी छोटं वेटोळं. बोरूच्या अक्षरात ते वेटोळं चांगलं भरदार असायचं, शिरोरेषा त्याला वाट सोडून लांब थांबायची. भौमितिक टंकात सगळंच नेटकं करायचं असतं. वेटोळं आकसतं, फट अरुंद होते. मोबाइलच्या पडद्यावर पुस्तकाच्या अंतरावरून ते पुरेसं असतं. पण फ्लेक्सवाला त्या अक्षराला कोरल या सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून किनार देतो. किनार फटीच्या दोन्ही काठांनी आत सरकते, फट किनारीच्या जाडीच्या दुपटीहून कमी असेल तर पूर्ण बुजते. धसईचं घसई होतं. शहापूरकडे गेलात तर भातसा धरणाचं मातसा होतं. यात टंकाची चूक एवढीच की तो पुस्तकाच्या आणि पडद्याच्या हिशोबानं केला गेला, आणि इथे तो वाऱ्यावर फडफडत, चालत्या जीपमधून वाचला जातो.

रंगानं पाटी लिहिणारा जुना पेंटर हे कधी होऊ देत नसे. त्यानं टंकशास्त्र वाचलेलं नव्हतं. पण सावली द्यायची असली की तो ध ची शेंडी आधीच मोठी काढायचा, भ चं डोकं मोकळं ठेवायचा आणि ‘खर्डी’च्या रफाराला ब्रशच्या टोकानं जरा उंच उडवून द्यायचा. प्रत्येक पाटीसाठी अक्षर नव्यानं व्हायचं. टंकाला ती सोय नाही. हजारभर आकार एकदा ठरले की ठरले. धसईच्या रस्त्यावर त्यांच्याबरोबर कोणी येत नाही. नव्या काळात त्यावर उतारा निघाला आहे, मोठ्या पाट्यांसाठी आणि लहान मजकुरासाठी एकाच टंकाची वेगळी रूपं करायची, फटी आणि पोटं त्या-त्या अंतराप्रमाणे मोकळी ठेवायची. काही जण करतातही. पण फुकट मिळालेल्या टंकाला वरून किनार चढवायची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की ही रूपं गावातल्या फ्लेक्सपर्यंत यायला वेळ लागेल.

त्या पोराला मी हे सगळं सांगितलं नाही. फक्त म्हटलं, किनार काढ, किंवा किनार हवीच असेल तर ध च्या डोक्यावरची शिरोरेषा हातानं थोडी मागे ओढ. त्यानं दोन मिनिटांत केलं. माऊसनं एक टोक पकडलं, मागे सरकवलं, फट उघडली, ध आला. “एवढंच होय,” म्हणाला. मग पडद्याकडे बघत थोडा वेळ गप्प राहिला.

“पण काका, फ्लेक्स लागून आठ दिवस झाले. धसईतल्या एकाचाही फोन नाही आला. सगळी धसईच वाचत होती.”